मापावर माप

चांगुणा: ...आन् म्हणं गाडीला ऊस पाजायचाय! हितं माणसाला प्यायला पाणी न्हाई. आधी उसानं सगळं पाणी पेलं, आता तुमची गाडी ऊस पिऊन राहिलीय. मंग आमी काय प्यावं?

सिंधु: माय, ऊस नाही गं. इथेनॉल. उसाच्या मळीपासून बनतं.

चांगुणा: मळीचं बनू दे न्हाई तर मोहाचं. वास सुई टोचायच्या आधी दवाखान्यात कापूस फिरवतात त्याचाच हाय. आठ दिस झाले, गॅरेजातनं घरात आन् घरातनं माझ्या भाकरीत.

नरसिंग: भाकरीत कुठं येतोय वास?

चांगुणा: तुमाला कसा येईल? चाळीस वर्सं डिझेल हुंगलेलं नाक ते. आन् आज मातर तुमच्या सदऱ्यालाबी ह्योच वास हाय, मिस्तरी. तुमी कवा हात लावला त्या मळीच्या पिपाला?

नरसिंग: लागला असंल पुसता पुसता. टँकर आला का?

चांगुणा: आला आन् गेला. मी आन् सिंधु सातपासून रांगेत. अंगणातलं मोठं पीप भरून घेतलं, आता त्यातलं वरल्या टाकीत चढवायला मोटार लावलीय. ऐकू येऊन राहिली न्हाई का घरघर? का तुमच्या त्या पंप मोजायच्या बेंचचाच आवाज तेवढा ऐकू येतो तुमाला?

सिंधु: माय, जरा हळू. बारा वाजता आप्पासाहेब येणारेत, त्यांच्या लेकाला, रेवणसिद्धला घेऊन. गाडी न्यायला.

चांगुणा: काम झालं व्हय?

सिंधु: झालं नाही म्हणूनच. टोचन लावून नेणार. सकाळी रांगेत होते तेव्हा फोन आला त्यांचा. म्हणाले, ‘पोरीनं लॅपटॉप जोडून माझ्या लेकाची गाडी बिघडवली. आता हैदराबादलाच दाखवतो.’

चांगुणा: आप्पासाहेब असं म्हणले? शिरूर अनंतपाळहून ट्रॅक्टर घेऊन येणारे आप्पासाहेब? ‘पंपाचं माप लातूरच्या नरसिंग मिस्तरीच्याच बेंचवर’ म्हणून गावभर सांगणारे?

सिंधु: तेच. दादांबद्दल एक शब्द नाही बोलले. दादांवर त्यांचा भरवसा आहे. मलाच बोलले.

चांगुणा: ऐकलं का, मिस्तरी?

नरसिंग: ऐकलं.

चांगुणा: मंग ती काचेची नळी किती पुसताव? झिजून जाईल. सिंधे, काल झालं तरी काय, ते मला सरळ सांग. तुमी दोघं कालपासून गप हाव. भाजीत मीठ न्हाई म्हणून सांगायलाबी कुणी तोंड उघडलं न्हाई.

सिंधु: बायपासवर गेलो होतो. मी चालवत होते, रेवणसिद्ध शेजारी. तिसऱ्या गिअरपर्यंत गाडी अशी पळाली की त्यानं दाराचं हँडल धरलं. चौथ्यात टर्बोनं पूर्ण हवा भरली. जितकी हवा, तितकं इंधन लागतं. ते पोचेना. हवा जास्त, इंधन कमी. मिश्रण दाखवणाऱ्या मीटरचा काटा एकदम तिकडं पडला. मी पाय उचलला.

चांगुणा: न्हाई उचलला असता तर?

सिंधु: पिस्टनला भोक. चार सेकंदांत.

नरसिंग: चार बी लागत न्हाईत. गाडी ऐंशीच्या पुढं, टर्बो किंचाळतोय, शेजारी मालक बसलेला. तरी हिचं ध्यान काट्यावर. चाळीस वर्सं गाड्या बगतोय म्या. एवढ्या टायमाला पाय उचलणारा एकबी ड्रायव्हर पाह्यला न्हाई.

चांगुणा: हे आप्पासाहेबाला सांगितलं का कुणी?

नरसिंग: अजून न्हाई.

चांगुणा: न्हाई ना. हितं आमाला सांगून राहिलाव.

सिंधु: त्याला दिसलं ते एवढंच माय, की गाडी अडखळली आणि मी सोडून दिली. येत्या रविवारी हैदराबादला चारशे मीटरची शर्यत आहे. त्याला तिथं सांगायचंय, ही गाडी आमच्या शेतातल्या उसावर पळती म्हणून.

चांगुणा: शेतातला ऊस तर सरपण झालाय ह्या उन्हाळ्यात. कशावर पळवतो? आन् त्या पोराला सगळ्याचीच घाई. मागल्या काचेवर ‘जिल्हा उदगीर’ लिवून फिरून राहिलाय. जिल्हा अजून कागदावरबी न्हाई.

नरसिंग: हुईल. लातूरबी असाच झाला. आदी लोकांच्या तोंडात, मंग कागदावर.

चांगुणा: नवा जिल्हा झाला की नवं पाणी येतंय का बगा तेवढं.

नरसिंग: पाण्याचं ठावं न्हाई. मला तर जिल्ह्यानंच मिस्तरी केलं.

सिंधु: दादा, जीपची गोष्ट नको आता. बारा वाजत आलेत.

नरसिंग: कारण शोधू आदी. इथेनॉलातच पाणी असंल.

सिंधु: नाही. घनता मोजायची काचेची कांडी सोडली होती. जिथं तरंगायला पाहिजे तिथंच तरंगली. चोख आहे.

नरसिंग: फिल्टर?

सिंधु: कापून बघितला. आतून कोरा.

नरसिंग: पंपाला करंट?

सिंधु: पुरा. गाडी पळत असताना मोजला.

चांगुणा: ते तुमी चार काय बदलले होते, सुईसारखे?

सिंधु: इंजेक्टर. इंजिनात इंधन फवारतात ते. मोठे बसवलेत, कारण इथेनॉल जास्त लागतं. पेट्रोल जिथं मिनिटाला सव्वा लिटर लागलं असतं, तिथं हे पावणेदोन लिटर. ते इंजेक्टर दादांनी बेंचवर मोजले. चारी नळ्यांत इंधन एका रेषेत, केसाचा फरक नाही. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय. पुण्यातल्या माणसांना पाठवला तर ते म्हणाले, कुठली मशीन आहे? मी म्हटलं, मशीन नाही, माझे वडील आहेत.

नरसिंग: असं म्हणलीस?

सिंधु: मग काय म्हणू?

चांगुणा: बरं. पाणी न्हाई, फिल्टर न्हाई, करंट न्हाई, सुया न्हाईत. मंग ऱ्हायलं काय?

सिंधु: किती इंधन सोडायचं, ते माझं गणित राहिलं.

नरसिंग: ते किती डाव मांडलं?

सिंधु: तीनदा.

चांगुणा: आन् गाडीच्या टाकीतला तो पंप? तो ऱ्हायला की.

सिंधु: तो दादांनी मोजलाय, माय.

चांगुणा: हां. मिस्तरींनी मोजलाय.

नरसिंग: मिनिटाला अडीच लिटर. तूच घड्याळ धरलं होतंस.

चांगुणा: धरलं होतं न्हवं. तुमी डबा धरला, म्या घड्याळ धरलं. मिनिट झालं म्हणून म्याच वरडले. अडीच लिटर भरलं, डोळ्यानं पाह्यलं.

सिंधु: लागतं पावणेदोन, पंप देतो अडीच. म्हणून मी बिनघोर टर्बोचा दाब वाढवला.

नरसिंग: बियाऐंशी साली...

सिंधु: दादा.

नरसिंग: ऐक गं. ऐकलेलीच हाय, तरी ऐक. बियाऐंशी साली उस्मानाबादेतनं फुटून लातूर जिल्हा झाला. हापीसं आली, हापीसांच्या जीपा आल्या, त्यांचे डिझेल पंप आमच्या दुकानात येऊ लागले. पंप बेंचवर लावून काचेच्या नळ्यांत तेल मोजायचं, हे काम. म्या एकवीस वर्सांचा. आमच्या वस्तीतला म्या एकटाच तितं. बाकीच्यांनी माप घेतलं की मालक पंप बांधून द्यायचा. म्या माप घेतलं की मालक नळ्या धुवायचा आन् पुन्ना माप घ्यायचा.

चांगुणा: नळ्या धुवायचा म्हणजे तुमी शिवल्या म्हणून.

नरसिंग: त्यानं कवा सांगितलं न्हाई, म्या कवा इचारलं न्हाई. दोगांलाबी ठावं होतं. एक दिस मालक लग्नाला गेलेला, आन् कलेक्टर हापीसची जीप आली. ड्रायव्हर म्हणला, सायबाला दौऱ्यावर जायचंय, दुष्काळी कामं बगायला. म्या माप घेतलं, पंप बांधला, जीप गेली. मालक परत आला आन् तापला. जीप पुन्ना बोलावली. पंप उतरवला, नळ्या धुतल्या, माप घेतलं.

सिंधु: आणि?

चांगुणा: हिला म्हाईत हाय तरी ‘आणि’ म्हणती बगा.

नरसिंग: केसाचाबी फरक न्हाई. मालकानं पंप बांधून दिला. त्या दिसापासनं माझ्या मापावर कुणी माप घेतलं न्हाई. पुढं सोताचा बेंच आणला, वर बाबासायबांचा फोटो लावला, आन् ट्रॅक्टर येऊ लागले. पयला आप्पासाहेबाचा.

चांगुणा: आन् ह्या घरातबी मिस्तरीच्या मापावर माप घ्यायचं न्हाई, असा कायदाच झाला. म्या पीठसुदा मोजून आणलं तर हे इचारतात, कुणी मोजलं?

सिंधु: हसायची वेळ नाहीय, माय.

चांगुणा: मी कुठं हसले?

सिंधु: मी ठरवलंय. आप्पासाहेब आले की सांगते, माझं गणित चुकलं.

नरसिंग: चुकलं का?

सिंधु: चुकलंच असेल.

नरसिंग: असंल न्हाई. चुकलं का?

सिंधु: दादा, कुणाचं तरी चुकल्याशिवाय गाडी अडखळत नाही. मी नवीन आहे. माझं चुकलं तर लोक म्हणतील, शिकतीय. चालतं.

चांगुणा: चालतं? ‘पोरीच्या हातात गाडी दिली’ म्हणून लातूरपासनं नांदेडपतूर बोंब हुईल, ते चालतं? चार वर्सं झाली तुला लॅपटॉप धरून. पयल्या गाडीला लोक शटरबाहीर उभे राहून बगत होते, बाई नट कशी फिरवती म्हणून. आता कुटं टर्बोवाले नाव काढून राहिलेत, तर सोताच्या हातानं पुसून टाक.

सिंधु: मग काय करू? सांग ना तूच.

चांगुणा: मी काय सांगणार? मी चौथी शिकलेली बाई. मला पाण्याचं तेवढं कळतं. ती बग, मोटार अजून चालूच हाय. वर जाऊन बग बरं, टाकीत किती झालं.

सिंधु: आत्ता?

चांगुणा: न्हाई तर नको जाऊ. मीच सांगते. पाऊण तासात अर्धीबी भरली नसंल. आन् हीच मोटार, हीच नळी. सकाळी पिपातलं पाणी खालच्या रांजणात घेत होते तर धो धो. दोन मिनिटांत रांजण वर आला, लुगडं भिजलं माझं. नळी गच्चीवर न्हेली की करंगळीएवढी धार. मोटार तीच. जोर तोच. पर आता तिला वर ढकलायचंय न्हवं.

सिंधु: माय, पुरे.

चांगुणा: मी पाण्याचं बोलून राहिले.

सिंधु: मला कळतंय तू कशाचं बोलतीयस. पुरे म्हटलं ना.

चांगुणा: मंग तुलाबी कळलेलंच हाय की. कवापासनं?

सिंधु: हळू बोल, माय.

चांगुणा: कालपासनं? तरीच जेवली न्हाईस.

नरसिंग: सिंधे, ते लाल फडकं उचल. बेंचच्या खालचं.

सिंधु: काय आहे त्याच्याखाली?

नरसिंग: उचल तर.

सिंधु: हे... दाबाचं मीटर. पंपाच्या नळीला जोडलेलं. दादा, हे तुम्ही कधी जोडलं?

नरसिंग: तुमी दोघी पाण्याच्या रांगेत होताव तवा. गाडीतला पंप पुन्ना काढला. नळीच्या तोंडाला चिमटा लावला, आवळत गेलो, टर्बो पुरा भरल्यावर जेवढा दाब असतो तेवढा काटा आणला, आन् मंग डबा धरला. घड्याळ धरायला कुणी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बगत मोजलं. चिमटा सोडताना नळीतलं अंगावर उडालं.

चांगुणा: तरीच सदऱ्याला वास.

सिंधु: किती भरलं?

नरसिंग: एक लिटर चारशे. भरवसा बसंना म्हणून पुन्ना मोजलं. मंग तिसऱ्यांदा. एक लिटर चारशेच.

चांगुणा: अडीचाचं एक चारशे!

नरसिंग: डिझेलात टाकीकडचा पंप नुसतं तेल आणून देतो. खुल्या डब्यात मोजला तरी भागतं, कारण जोर लावायला म्होरं मोठा पंप बसलेला असतो. म्या आयुष्यभर तसाच मोजला. ह्या गाडीत म्होरं कुणीच न्हाई. आणायचंबी ह्यानंच, आन् ढकलायचंबी ह्यानंच.

सिंधु: ...लागतं पावणेदोन. येतं एक चारशे. तिथंच उपाशी राहिली गाडी. बरोबर चौथ्या गिअरला.

नरसिंग: बराबर.

सिंधु: थांबा, लॅपटॉप इकडं घ्या. मोठा पंप रविवारच्या आत येत नाही, मुंबईहून यायला आठवडा. मग आहे त्या पंपाला जेवढं पेलतं तेवढंच मागायचं. अर्धं पेट्रोल, अर्धं इथेनॉल. टर्बोचा दाब थोडा खाली. म्हणजे मिनिटाला... सव्वा लिटर. एक चारशेच्या आत. थोडं हातात राखून.

नरसिंग: राखून किती?

सिंधु: दहावा हिस्सा.

नरसिंग: हैदराबादेत ऊन असंल. तापलेलं तेल पंपाला आणखी जड जातं. जरा जादा राख.

सिंधु: मग दाब आणखी एक पायरी खाली. पेट्रोलवर होती त्याच्यापेक्षा तरी जोरातच पळेल. पहिला नंबर नाही येणार. पण गाडी शेवटापर्यंत जाईल आणि स्वतःच्या चाकांवर शिरूरला परत येईल.

चांगुणा: अर्ध्या उसावर पळाली म्हणून सांगू दे त्याला. उरलेला अर्धा ऊस पाऊस पडल्यावर.

नरसिंग: बगितलंस, सिंधूच्या माय? म्या दोन तास चिमटा आवळत बसलो. हिनं दोन मिनिटांत तोड काढली. म्या एकवीसचा असताना असं डोकं असतं तर मालकाला बेंचवर बसवून मीच लग्नाला गेलो असतो.

चांगुणा: तिचं डोकं माझ्याकडनं आलंय. टाकीचं कुणी सांगितलं?

सिंधु: दादा, आप्पासाहेबांना मी फोन लावते. सांगते की पंप जुना आहे, थकलाय. खोटं नाही ते फारसं. गाडी सहा वर्षांची आहे.

चांगुणा: हां, तसंच सांग. पंप थकला. कुणाच्याच अंगावर येत न्हाई.

नरसिंग: पंप थकलाय का?

सिंधु: नाही. पण ऐकायला बरं वाटतं.

नरसिंग: कुणाला?

सिंधु: सगळ्यांना. दादा, चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं. एका डब्यासाठी कशाला? त्यांना काय कळणार खुलं काय आणि दाबातलं काय. मी सांगते ना.

नरसिंग: आजपासनं एक करायचं. म्या घेतलेल्या मापावर तू माप घ्यायचंस. दर टायमाला.

सिंधु: मी नाही घेणार.

नरसिंग: घ्यायचंस. फकस्त नळ्या धुवू नको.

सिंधु: ...बरं.

नरसिंग: आण तो फोन. आन् तुमी दोघी गप बसा जरा. मोटारबी बंद कर गं, ऐकू येत न्हाई.

चांगुणा: टाकी भरली न्हाई अजून.

नरसिंग: राहू दे अर्धी.

(फोन लागतो. पलीकडचं काही ऐकू येत नाही.)

नरसिंग: हॅलो. आप्पासाहेब, म्या नरसिंग मिस्तरी बोलून राहिलो. ...जय भीम. ...हाव, निघालाव व्हय? जवळच आलाव? मंग चहाला या. टोचन आणू नका. ...न्हाई, गाडी हितनं हलत न्हाई. रविवारी हैदराबादेत पळती ती. ...कोण सांगतं म्हणजे? सिंधु सांगती. तिनं काल पाय उचलला म्हणून तुमच्या लेकाचं इंजिन जागेवर हाय. ...ऐका की. इथेनॉल चोख हाय. पंपबी चांगला हाय. पोरीचं गणित म्या तपासलं, बिल्कुल बराबर. ...हाव, मंग चुकलं काय, तेच सांगून राहिलो. माप चुकलं. ...न्हाई न्हाई, आप्पासाहेब. तिनं न्हाई घेतलं. माप माझं चुकलं.